बजेटचा शनिवार आणि शिपिंगचा ब्रेकआऊट

मी ठाण्यात एका सब-ब्रोकरकडे डीलर आहे. टर्मिनलसमोर बसायचं, क्लायंटचे फोन घ्यायचे, ऑर्डरी टाकायच्या, हेच काम. 2025 चं बजेट शनिवारी आलं, 1 फेब्रुवारीला, आणि त्यासाठी मार्केट मुद्दाम चालू ठेवलेलं, त्यामुळे एरवी ऑफिसात अडकलेले नोकरीवाले क्लायंटसुद्धा त्या दिवशी घरी टीव्हीसमोर हातात फोन घेऊन, म्हणजे आमचं काय झालं असेल विचारूच नका.

शिपिंगवर आमचा आधीपासून डोळा होता. एका जहाज कंपनीचा शेअर (नाव घेत नाही, उगाच कोणीतरी टिप समजून माल उचलेल) बरेच दिवस एकाच पट्ट्यात फिरत होता, वर गेला की त्याच लेव्हलला मार खाऊन खाली. अशी लेव्हल जितकी जास्त वेळा अडवते तितक्या तिच्या वर शॉर्टवाल्यांचे (भाव पडेल म्हणून आधीच विकून बसलेल्यांचे) स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला लावलेल्या खरेदीच्या ऑर्डरी, आणि ब्रेकआऊटवाल्यांच्या बाय ऑर्डरी साठत जातात, म्हणून ती फुटली की शेअर धाडकन वर पळतो, यालाच ब्रेकआऊट म्हणतात.

11 ला भाषण सुरू झालं. मधेच मॅरिटाइम डेव्हलपमेंट फंड आला, 25 हजार कोटींचा, त्यात सरकारचा वाटा 49 टक्क्यांपर्यंत, शिवाय मोठी जहाजं इन्फ्राच्या यादीत (म्हणजे कर्ज मिळणं सोपं), जहाजबांधणीच्या सामानावरची कस्टम ड्युटीची सूट अजून 10 वर्षं. झालं! पाच मिनिटांच्या चार्टवर कॅण्डल (तेवढ्या वेळातला भाव दाखवणारी पट्टी) लेव्हल फोडून वर, खाली व्हॉल्यूमचा, म्हणजे किती शेअरची उलाढाल झाली त्याचा, हिरवा खांब बाकीच्यांच्या डोक्यावरून गेलेला, आणि फोनवर एकच धोशा, शिपिंग घे, मिळेल त्या भावाला घे.

तेवढ्यात आमच्या एका काकांचा फोन. मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून रिटायर झालेत, चार्ट बिलकुल बघत नाहीत. म्हटलं काका, ब्रेकआऊट आलाय, घेऊ का?

"अरे, पैसा जहाज बांधायला दिलाय. ज्याची जुनी टँकर समुद्रात फिरतायत त्याचं भाडं यात कसं वाढणार? उलट उद्या नवी जहाजं आली तर पडेलच."

मग त्यांनी मला ऐन गर्दीत क्लास दिला. भाडं बजेटमध्ये ठरत नाही. 2023 च्या शेवटी येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं लाल समुद्र सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालायला लागली, त्याच मालाला जास्त दिवस लागले, जहाजं कमी पडली आणि भाडं चढलं. हुथींचे हल्ले गाझाच्या युद्धावरूनच, आणि आता 19 जानेवारीला गाझात युद्धबंदी झालीय, वळसा बंद झाला तर तीच जहाजं मोकळी होणार. दुसरीकडे 10 जानेवारीला अमेरिकेने रशियाचं तेल वाहणाऱ्या टँकरवर निर्बंध घातले, त्याचा फायदा बाकीच्या टँकरवाल्यांना. "हे सगळं जमेत धर आणि मग तुझी ती रेघ बघ."

मग शिपयार्ड (जहाज बांधणारी कंपनी) घेऊ का विचारलं तर म्हणाले, ते आधीच केवढं महाग झालंय बघितलंस का, नको. धन्य!

पण मला पटलं. मार्केट नावात जहाज दिसलं की सगळं एकाच टोपलीत टाकून घेत होतं, बांधणारा वेगळा आणि चालवणारा वेगळा एवढंही कोणी बघत नव्हतं. ज्यांनी विचारलं त्यांना मी सांगितलं, शेअर दिवसभर लेव्हलच्या वर टिकू दे, तीनला बघू. अर्ध्यांनी ऐकलं नाही, त्यांच्या ऑर्डरी टाकल्या, शेवटी पैसा त्यांचा.

भाषणाच्या शेवटी 12 लाखांपर्यंत इन्कम टॅक्स नाही अशी घोषणा झाली आणि मार्केटचं लक्षच फिरलं, लोक गाड्या, एफएमसीजी (साबण-बिस्किटवाल्या कंपन्या), हॉटेलं घ्यायला पळाले. आमच्या जहाजाचा व्हॉल्यूम आटला. बंद होताना भाव लेव्हलच्या खाली, आणि डेली कॅण्डलला वर ही एवढी लांब शेपटी (भाव वर जाऊन परत खाली आल्याची खूण), म्हणजे सकाळी घेणाऱ्यांचा सगळा माल त्या शेपटीत अडकलेला. सेन्सेक्स तर जवळपास होता तिथेच बंद झाला.

सोमवारी ट्रम्पच्या टॅरिफच्या बातमीने मार्केट खालीच उघडलं. सव्वानऊलाच एका क्लायंटचा फोन, शनिवारी टॉपला घेतलेलं, आता अ‍ॅव्हरेज करू का, म्हणजे खालच्या भावाला अजून घेऊन सरासरी भाव कमी करू का? म्हटलं साहेब, डेली क्लोज त्या लेव्हलच्या वर येऊ दे, मग फोन करा.