व्हिनाइलच्या फरशीला चकाकी देण्याआधी

पुण्यात फरशीच्या स्वच्छतेचा व्यवसाय करताना गेल्या काही वर्षांत येणाऱ्या कामांचे स्वरूप बरेच बदलले आहे. पूर्वी विचारणा होत असे ती मोझॅक, शहाबादी किंवा मार्बलच्या पॉलिशची. आता दवाखाने, लहान कार्यालये, कपड्यांची दालने आणि नव्या सदनिका यांच्याकडून लाकडासारख्या दिसणाऱ्या लक्झरी व्हिनाइल फरशीला चमक आणून द्याल का, असे विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा मोझॅकचेच काम असते: यंत्राला खडे लावायचे, पाणी टाकत जाड खड्यापासून बारीक खड्यापर्यंत घासत जायचे आणि शेवटी ऑक्झॅलिकची पूड टाकून फरशी उजळायची. व्हिनाइलवर यातली एकही कृती चालत नाही.

कारण या फरशीच्या रचनेतच आहे. मोझॅकच्या लादीवर दगडी चिपांचा काही मिलिमीटरचा थर असतो, त्यामुळे वरचा खराब भाग घासून काढला तरी खाली तीच नक्षी मिळते. व्हिनाइलच्या पट्टीत लाकडाचे चित्र ही एक छापील फिल्म असते. तिच्यावर पारदर्शक पीव्हीसीचा झीज सोसणारा थर असतो आणि त्याच्याही वर अतिनील किरणांनी पक्के केलेले पॉलियुरेथेनचे अतिशय पातळ लेपन असते. घरगुती मालात हा पारदर्शक थर बहुधा ०.३ मिलिमीटर आणि व्यापारी वापराच्या मालात ०.५५ मिलिमीटर किंवा त्याहून थोडा अधिक असतो. म्हणजे घासून काढण्यासाठी आपल्या हाती जवळजवळ काहीच नसते. चित्रापर्यंत पोहोचलेला ओरखडा पॉलिशने जात नाही, तेथे ती पट्टीच बदलावी लागते. व्हिनाइलच्या बाबतीत पॉलिश करणे म्हणजे पाण्यात मिसळलेल्या ॲक्रिलिक पॉलिमरचा नवा थर वरून चढवणे, आणि असा थर ज्या पृष्ठभागावर चढतो तो जितका स्वच्छ, तितकेच ते काम टिकते. माझ्या अनुभवात ‘चमक गेली’ म्हणून दाखवलेल्या घरगुती फरशांपैकी बहुतेकांची चमक गेलेली नसते. ती झाकली गेलेली असते.

झाकणारी वस्तू आपणच रोज फरशीवर पसरत असतो. बादलीत अंदाजाने ओतलेले फिनाईल किंवा भांड्यांचा साबण पुसल्यानंतर धुऊन काढला जात नाही, त्याचा चिकट पापुद्रा राहतो, त्याला धूळ धरते आणि काही महिन्यांत सगळी फरशी करडी दिसू लागते. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार त्यात भर घालतात. पाणी वाया जाऊ नये या चांगल्या हेतूने अनेक घरांत आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी साठवून त्यानेच फरशी पुसली जाते. मात्र त्या पाण्यात क्षार अधिक दाट झालेले असतात आणि गडद रंगाच्या पट्ट्यांवर त्यांचा पांढरा थर लगेच डोळ्यांत भरतो. पुसण्याच्या पाण्यात खडेमीठ टाकण्याची पद्धतही अनेक घरांत आहे. तिच्यामागच्या श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही, परंतु मीठ विरघळते, वाळते आणि फरशीवरच राहते, एवढे सांगणे माझे काम आहे.

त्यामुळे कामाच्या आरंभी यंत्र नव्हे, तर चाचणी हवी. कपाटाखालच्या एखाद्या कोपऱ्यात जुने पॉलिश उतरवण्याच्या द्रावणाचे दोन थेंब टाकून काही मिनिटांनी ते प्लास्टिकच्या पट्टीने हलके खरवडावे. दुधासारखा पांढरा लगदा निघाला तर फरशीवर आधीचे ॲक्रिलिक आहे आणि ते पूर्ण उतरवल्याशिवाय नवा थर देण्यात अर्थ नाही. काहीच निघाले नाही तर आपण कारखान्याच्या मूळ लेपनावर उभे आहोत. दुसरी पाहणी बसवणुकीची. पट्ट्या गोंदाने चिकटवल्या आहेत की एकमेकींत अडकवून तरंगत्या बसवल्या आहेत, हे विचारून नव्हे, तर स्वतः पाहून ठरवावे. एसपीसी, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचा गाभा असलेली पट्टी, असल्यास ती पाण्याला दाद देत नाही, हे खरे असले तरी सांध्यांतून आणि भिंतीकडेच्या मोकळ्या फटीतून खाली उतरलेले पाणी तेथेच कोंडते, आणि चिकटवलेल्या फरशीत तेच पाणी गोंद सैल करते. म्हणून ‘भरपूर पाणी टाका, स्वच्छ होईल’ हा मोझॅकच्या काळातला आग्रह येथे नम्रपणे नाकारावा लागतो.

कोथरूडमधील एका दंतचिकित्सालयाचे काम या सगळ्याचा चांगला नमुना ठरेल. तेथे चिकटवलेली, ०.५५ मिलिमीटर थराची फरशी होती आणि प्रतीक्षाकक्षापासून तपासणीच्या खुर्चीपर्यंतचा वाटेचा पट्टा इतका झिजला होता की मूळ लेपन तेथे उरलेच नव्हते. अशा ठिकाणी मी पॉलिशची शिफारस करतो. काम शनिवारी रात्री दवाखाना बंद झाल्यावर सुरू केले. सर्वप्रथम कोरड्या अवस्थेत मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने रेती आणि धूळ काढली, कारण ओरखड्यांचे मूळ पायांखाली येणाऱ्या वाळूच्या कणांत असते आणि तीच रेती पॅडखाली सापडली तर यंत्र ती सगळीकडे फिरवते. त्यानंतर सामू (पीएच) सात-आठच्या आसपास असलेले सौम्य द्रावण बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळून पसरले, पाच ते दहा मिनिटे मुरू दिले, मात्र वाळू दिले नाही, आणि मिनिटाला सुमारे १७५ फेरे घेणारे सिंगल डिस्क यंत्र लाल पॅड लावून फिरवले. पॅडच्या रंगांना येथे फार महत्त्व आहे: पांढरा सर्वांत मऊ, लाल त्याहून किंचित खरखरीत, निळा आणि हिरवा घासण्यासाठी आणि काळा जुने थर खरवडून काढण्यासाठी. वेळ वाचवण्याकरिता व्हिनाइलवर थेट काळा पॅड लावणारे कारागीर मी पाहिले आहेत; त्यानंतर राहणारी वर्तुळे उन्हाच्या तिरप्या प्रकाशात कायम दिसत राहतात.

घासून सुटलेले मळके पाणी वेट व्हॅक्यूमने लगेच ओढून घेतले आणि स्वच्छ पाण्याने फरशी दोनदा पुसली. ग्राहकाला हा टप्पा दिसत नाही, म्हणून तो सर्वांत आधी टाळला जातो; वास्तविक पॉलिश पुढे पावडरीसारखे सुटते किंवा पापुद्र्यांनी निघते, त्याचे कारण बहुधा येथेच राहिलेले असते. फरशी ओलसर असतानाच सामू तपासण्याच्या कागदाची पट्टी टेकवून पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. ती निळसर झाली की अल्कली उरली आहे, म्हणजे आणखी एकदा पुसणे आले.

डागांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण येथे घाईचा उपाय डागापेक्षा महाग पडतो. हळदीचा डाग पडला की हाताशी असलेला धुण्याचा सोडा किंवा तीव्र क्लीनर टाकला जातो आणि पिवळा डाग पाहता पाहता लालसर तपकिरी होतो. हळदीतील कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलते आणि हळदीपासून कुंकू तयार करतानाही हाच गुण वापरला जातो. हा डाग ताजा असताना सौम्य द्रावणाने, आणि जुना असल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन हलके टिपल्याने बराच उतरतो. उन्हाने कर्क्युमिनचा रंग विटतो, त्यामुळे खिडकीजवळचा पुसट डाग कधी कधी आपोआप फिका होतो. दवाखान्यांतील आयोडिनच्या डागांवर सोडियम थायोसल्फेटचे द्रावण उत्तम काम करते. सॅनिटायझरच्या यंत्राखाली दिसणारे पांढरे ठिपके मात्र डाग नसतात: गळणाऱ्या अल्कोहोलने तेथील ॲक्रिलिक थर मऊ करून विरघळवलेला असतो, म्हणून यंत्राखाली लहानसे तबक बसवणे हाच उपाय आहे. आणि रबरी तळाच्या पायपुसण्याखाली उमटलेला पिवळा-तपकिरी चौकोन कोणत्याही रसायनाने जात नाही, कारण रबरातील रसायने व्हिनाइलच्या आत शिरलेली असतात. तो काढून देण्याचे वचन कोणी देत असेल तर त्याला आगाऊ रक्कम देऊ नये.

पॉलिशचा थर देण्याचे काम तुलनेने सोपे आहे. त्यात धीर लागतो. सपाट मायक्रोफायबर मॉपने पातळ थर द्यायचा, तो वाळायला तीस ते पंचेचाळीस मिनिटे थांबायचे आणि पुढचा थर आडव्या दिशेने द्यायचा. एका लिटरमध्ये एका थराचे साधारण ५०० चौरस फूट काम होते. त्याहून फार कमी होत असेल तर थर जाड पडतो आहे असे समजावे, आणि जाड थर वरून वाळून आत ओला राहतो. पंखा थेट फरशीवर सोडल्याने रेषा उमटतात. पावसाळ्यात हवेतील आर्द्रतेमुळे वाळण्याचा वेळ दुप्पटही होऊ शकतो, थर धुरकट दिसतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये वातानुकूलन नसलेल्या जागेचे काम मी पुढे ढकलतो. पुढचे चोवीस तास ओला पोछा मारू नये आणि खुर्च्या ओढू नयेत, ही सूचना मी लेखी देतो, कारण तोंडी दिलेली सूचना सकाळी येणाऱ्या मावशींपर्यंत पोहोचत नाही.

घरांच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे आणि त्यामुळे काही कामे हातची गेली आहेत. मूळ लेपन शाबूत असलेल्या फरशीवर ॲक्रिलिक नीट धरत नाही. लाकडाच्या रेषांचा उठाव असलेल्या मॅट पट्ट्यांत ते खोलगट भागात साचते आणि त्याखाली मळ बंद होतो. शिवाय एकदा थर दिला की तो ठरावीक काळाने उतरवून पुन्हा देणे आलेच, आणि उतरवण्याची तीव्र अल्कधर्मी द्रावणे, त्यांची निसरडी ओल, हातमोजे, उघड्या खिडक्या हा सगळा खटाटोप राहत्या घरात नकोसा असतो. तेथे सखोल स्वच्छता करून थांबावे. वाफेचा मॉप वापरू नये, खुर्च्यांच्या पायांना फेल्ट चिकटवावे आणि दाराशी रबराऐवजी सुती किंवा विणलेले पायपुसणे ठेवावे. दरपत्रक मागवताना स्वच्छता, जुना थर उतरवणे आणि नवा थर देणे यांचे दर स्वतंत्र लिहून घ्यावेत. तिन्हींचा एकच आकडा देणाऱ्याने फरशीवर थेंब टाकून पाहिलेला नसण्याची शक्यता मोठी असते.