लाइट गेली आणि नस ऐकू आली

बी.एस्सी.ला न्यूरॉन, म्हणजे इशारे वाहून नेणारी मज्जापेशी, ही नुसती पाच मार्कांची आकृती. काढायची, नावं द्यायची, पुढचं पान. गावाकडच्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला गेलेल्या मुलामुलींसाठीच्या एका ऑनलाइन उपक्रमात माझं नाव लागलं आणि वसमतजवळच्या आमच्या घरी पोस्टानं बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प्लिफायर आला: नसेतले विजेचे बारीक इशारे मोठे करून स्पीकरवर ऐकवणारा. शिकवायला सर-मॅडम नव्हते, एक ताई होती. मूळची लातूरची, पुण्यात एम.एस्सी. करणारी, माझ्याहून थोडीच मोठी.

प्रयोग तसा साधा. मोरीतलं मोठं झुरळ हालचाल थांबेपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवायचं, एक पाय कापायचा, त्यात दोन टाचण्या खोचायच्या. कीटकांच्या अंगभर हवेच्या नळ्या असतात, ऑक्सिजन पोचवायला रक्त लागत नाही. म्हणून तुटलेल्या पायातल्या नसाही (रक्ताच्या नव्हे, इशारे नेणाऱ्या) बराच वेळ चालू राहतात. बर्फ रसवंतीवरून आणला. आई म्हणाली, "कामून गं, एवढं शिकून झुरळंच धरायलीस?"

स्पीकरमधून मात्र नुसती घुंऽऽ. ताईला कारण माहीत असणारच, पण तिनं सांगितलं नाही. "ॲम्प्लिफायर घेऊन घरभर फिर, कुठं वाढते बघ," एवढंच. बोर्डाजवळ वाढायची, फ्रिजजवळ वाढायची, अंगणात कमी व्हायची. तेवढ्यात लाइट गेली. घुंघुं एकदम बंद, आणि ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसं टक्, टक्‌टक्, टर्रर्र.

घरातली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते आणि टाचण्यांच्या तारा ते हवेतूनच पकडतात. नसेचा इशारा त्यापुढे फारच बारीक, जेमतेम एक मिलिसेकंदाचा. भारनियमनाचं वेळापत्रक बघून प्रयोग लावायची सोय आपल्याकडेच! पण ताईनं पक्का उपाय करायला लावला: तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा एका बाजूनं कापून पाय आत ठेवला आणि डबा तारेनं ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या टोकाला, जोडला. घुंघुं बरीच बसली.

पुढची अडचण दूरवरून शिकण्याची. कॉलवर तिला काहीच ऐकू येईना. ॲप माणसाच्या बोलण्याखेरीज बाकीचे आवाज खरखर समजून दाबून टाकतं. मग रेकॉर्डिंग करायचं, फाइल पाठवायची, तिचं ऐकून झाल्यावर बोलायचं. खरं तर हेच बरं पडलं. ती ऐकेपर्यंत मीही तेच पुन्हापुन्हा ऐकत बसायचे.

झाडूच्या काडीनं पायावरचे काटे दाबले की टकटक वाढायची. ताईनं विचारलं, "जोरात दाबल्यावर आवाज मोठा झाला का दाट झाला?" मी म्हणाले, दोन्ही. "परत ऐक." एकच टकटक नीट धरून ऐकली तर ती तेवढीच मोठी होती, फक्त दाट झाली होती. मोठे वाटणारे ठोके दुसऱ्याच नसतंतूचे असावेत. हाच नियम एडगर एड्रियन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं दाखवला आणि 1932 चं नोबेल शेरिंग्टन या दुसऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञाबरोबर वाटून घेतलं, हे तिनं मला त्यानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी तेच ऐकलं असतं, अशी माझी खात्री आहे.

बर्फातून काढलेला पाय सुरुवातीला जवळजवळ गप्प असतो, गरम होईल तसा बोलू लागतो. आता मे महिन्यात, भर दुपारी पत्र्याखाली एक आणि पहाटे अंगणात एक, अशी दोन रेकॉर्डिंगं करून ठोके मोजायचेत. थर्मामीटर ताई पुण्याहून पाठवतेय.