उजेडाच्या पलीकडचं जनावर

धडक बसण्याआधी गाय मला दिसलीच नव्हती, असं मी पहिले काही दिवस सगळ्यांना सांगत होते. ते खरं नाही. ती दिसली होती. समोरून अप्पर लावून आलेली एक गाडी शेजारून गेली, डोळ्यांपुढे क्षणभर काळोख झाला आणि मग डावीकडच्या साइडपट्टीवर दोन हिरवट ठिपके चमकले. वासरू आहे, एवढं कळलं. त्याच्याकडे बघत मी पाय ब्रेककडे नेला, तेवढ्यात माझ्याच बाजूला काहीतरी गडद तपकिरी आडवं उभं असलेलं दिसलं. तिची मान खाली होती आणि तोंड पलीकडे. डोळे माझ्याकडे नव्हतेच, त्यामुळे चमकायलाही काही नव्हतं.

गाडीचा वेग 80 होता. रस्ता सरळ, कोरडा, दिव्याचे खांब नसलेला. शेजारी धाकटा भाऊ बसला होता.

बंपर तिच्या पायांना लागला आणि 400 किलोंहून जड धड बॉनेटवरून घसरत पुढच्या काचेवर आलं. उंच जनावराच्या धडकेत हे असंच होतं, हे मला नंतर कळलं. गाडी पाय उडवते आणि सगळं वजन चालकाच्या तोंडासमोर येऊन पडतं. एअरबॅग उघडल्या नाहीत. पायांना लागलेला धक्का तितका मोठा नसतो, त्यामुळे सेन्सरला तो पुरेसा वाटत नाही, असं गॅरेजमधल्या मिस्त्रींनी समजावलं. आम्हाला वाचवलं ते पट्ट्यांनी. भावाच्या मनगटाचं हाड मोडलं आणि कपाळात काचेचे कण घुसले. मला मुका मार लागला.

पण त्या रात्रीचा खरा धोका धडकेनंतर सुरू झाला, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून ते जरा सविस्तर सांगते. गाय रस्त्याच्या मधोमध पडली होती. ती जिवंत होती आणि उठायचा प्रयत्न करत होती. आमची गाडी तिरकी उभी, एक दिवा फुटलेला. मागून दुचाकीवर कुणी आलं असतं तर गडद रस्त्यावरचं गडद जनावर त्याला माझ्याइतकंही आधी दिसलं नसतं. आम्ही चारही इंडिकेटर लावले, भावाला रस्त्यापासून लांब, चढावर बसवलं आणि मी डिकीतला लाल त्रिकोण घेऊन मागे चालत गेले. पावलं मोजत गेले, शंभरेक तरी. एका बाजूला त्रिकोण आणि दुसऱ्या बाजूला मी मोबाइलचा टॉर्च खाली धरून, साइडपट्टीच्याही बाहेर. आपत्कालीन नंबरला फोन केला तो तिथूनच. आधी रस्ता अडलाय हे सांगितलं, मग जखमी माणूस, मग जखमी जनावर.

दोन दुचाकीस्वार थांबले. त्यातला एक गायीला ओढून कडेला घ्यायला निघाला. भल्या मनाने निघाला होता, पण दुखावलेली गाय लाथ मारते, शिंग फिरवते, आणि पाय मोडला असेल तर ओढण्याने तिचे हालच होतात. त्याला थांबवलं. शिवाय ती एकटी नव्हती. टॉर्च फिरवला तेव्हा बाभळीच्या मागे आणखी सहा-सात जनावरं दिसली, आणि ती हळूहळू तिच्याकडे, म्हणजे रस्त्यावरच येत होती. वासरू तर तिच्या पोटाशी येऊन उभं राहिलं होतं. जिथे एक जनावर दिसतं तिथे बाकीची जवळपास असतातच. त्या रात्री हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून रस्त्याच्या कडेला एकही शिंग दिसलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

पोलीस आले, मग जनावरांचे डॉक्टर, आणि त्यांच्या मागून गायीचे मालक. अशा वेळी मालक येतच नाही, असं मी ऐकून होते. नुकसानभरपाई मागतील म्हणून लोक आपलं जनावर ओळखायलाही नकार देतात. हे काका मात्र धावत आले. तिच्या मानेवर हात ठेवून खाली बसले. गाय गाभण होती. डॉक्टरांनी तिला इंजेक्शन देऊन शांत केलं तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गोठ्याची कडी निघाली असणार. मी संध्याकाळीच बघायला हवी होती." माझा राग तोपर्यंत तयार होता, शब्दांसकट. तो तसाच राहिला. मला काहीच बोलता आलं नाही.

विम्याचं काम तीन महिने चाललं. त्याचा तपशील कंटाळवाणा आहे, पण ज्याच्यावर अशी वेळ येईल त्याला उपयोगी पडेल एवढं सांगते. गाडी धुऊ नका. माझ्या गाडीच्या जाळीत अडकलेले केस आणि बॉनेटवरचा पोचा हाच सर्वेअरसाठी पुरावा ठरला. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा फोटो घ्या. त्यावरच्या क्रमांकावरून मालक सापडतो आणि नंतर जनावर बदलल्याचा वाद होत नाही. रस्त्याचे फोटो दोन्ही दिशांनी काढा. तुटलेलं कुंपण, उघडं फाटक दिसलं तर तेही. आणि आपल्या पॉलिसीत स्वतःच्या गाडीचं नुकसान धरलेलं आहे का, हे अपघाताच्या आधी वाचा. फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा असेल तर आपल्या गाडीला एक पैसा मिळत नाही. माझी पॉलिसी पूर्ण होती, तरी विमा कंपनीने "वेग जास्त होता" म्हणून दोनदा कागद परत पाठवले. त्या पत्रांचा मला खूप संताप आला होता. पण त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता, हे मी पुढे स्वतःच कागदावर मांडून पाहिलं.

तो हिशेब इथे देते, कारण माझ्या दृष्टीने सगळं त्यातच आहे. डिपरच्या उजेडात गडद जनावर मला साधारण 45 मीटरवर दिसलं असेल. दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरा. 80 च्या वेगात तेवढ्यात 33 मीटर संपतात. उरले 12. कोरड्या रस्त्यावर कचकचून ब्रेक दाबला तरी त्या 12 मीटरमध्ये वेग 80 वरून फक्त 65 पर्यंत उतरतो. म्हणजे मी "ब्रेक मारला होता" हे खरं असूनही गायीला 65 च्या वेगाने धडकले. आता तोच हिशेब 60 ने करा. दीड सेकंदात 25 मीटर, मग ब्रेकचे 20 मीटर. गाडी 45 मीटरला थांबते, तिच्या पायांपाशी. पावसात रस्ता ओला असेल तर तेच अंतर राखायला 50 वर यावं लागतं. 80 आणि 60 मध्ये एक गाय, एक मनगट आणि पोटातलं वासरू होतं. हा हिशेब मी रात्री अडीच वाजता केला आणि मग सकाळपर्यंत मला झोप लागली नाही.

पुन्हा गाडी चालवायला दीड महिना लागला. आधी दिवसा, भाऊ शेजारी, 40 च्या वर नाही. मनगट प्लास्टरमध्ये असतानाही तो माझ्याबरोबर येऊन बसला, हे मी विसरणार नाही. अंधार पडायच्या आत मात्र मी परत फिरायचे. ज्या वेळेला माझी सगळ्यात जास्त घाबरगुंडी उडायची, नेमकी तीच वेळ जनावरांच्या हालचालीची असते: पहाट आणि तिन्हीसांजा.

यातून मला बाहेर काढलं ते त्या काकांनी. कागदांवर सही घ्यायला मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी सही केली आणि मग मला रस्त्यावर घेऊन गेले. "ताई, तुम्ही गाडीतून बघता. एकदा जनावराच्या बाजूने बघा," म्हणाले. डांबर दिवसभर तापतं आणि रात्री उशिरापर्यंत ऊब धरून ठेवतं, म्हणून गुरं त्यावर बसतात. पावसाळ्यात शेत चिखलाचं असतं, तेव्हा कोरडी जागा रस्ताच. मोकळ्यावर वारा असतो, त्यामुळे माश्याही कमी. रस्त्यावरचं पाणी कडेला उतरतं, म्हणून सगळीकडचं गवत वाळलं तरी साइडपट्टी हिरवी राहते. ताजं शेण रस्त्यावर दिसलं तर कळप पुढच्या वळणावर आहे असं समजायचं. मी कित्येक वर्षं ते शेण चुकवत गाडी चालवत होते, पण ते काय सांगतंय हे कधी वाचलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. बसलेली गाय उठताना आधी मागचे पाय उचलते, मग गुडघ्यांवर क्षणभर टेकते आणि मग पुढचे पाय सरळ करते. घोडा उलटा, तो पुढून उठतो. गायीच्या या उठण्याला काही सेकंद जातात, आणि हॉर्न वाजवणाऱ्याला वाटतं की ती ऐकत नाहीये. ती ऐकत असते. तिला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त शेपटीमागचं आणि अगदी नाकासमोरचं नाही. पण अप्परच्या झोतात ती गोंधळते, कुठे पळावं ते तिला उमगत नाही. म्हणून दिवे डिपरवर, वेग कमी, हॉर्न लांबूनच आणि थोडा. जवळ आल्यावर जोरात वाजवला की ती उधळते, आणि उधळलेलं जनावर बहुधा कळपाकडे किंवा वासराकडे धावतं. ते दोन्ही रस्त्याच्या पलीकडे असू शकतात. शेळ्या-मेंढ्यांचं तर आणखी वेगळं. एक गेली की मागच्या सगळ्या गाडीकडे न बघता तिच्यामागे जातात. पहिली पार झाली म्हणून सुटलो, असं मानायचं नाही.

गाडी वळवून वाचवायचा मोह सगळ्यांनाच होतो. मी वळवली नाही, कारण मला सुचलंच नाही. कडेला झाडं होती, आणि त्या वेगात आम्ही झाडावर गेलो असतो. सरळ रेषेत पूर्ण ब्रेक, आणि जागा असेलच तर जनावराच्या शेपटीच्या बाजूने. ते पुढे चालतं, मागे नाही. दुचाकीवाल्यांना तर एवढीही सवड नसते, कारण त्यांच्यापुढे काच नसते आणि अंगावर पट्टा नसतो. त्यांना माझं कळकळीचं सांगणं एकच आहे: रात्री आपल्या दिव्याचा उजेड जिथे संपतो, त्याच्या आत थांबता येईल एवढाच वेग ठेवा.

काकांनी आणि आजूबाजूच्या गुरं पाळणाऱ्यांनी मिळून चमकणारे पट्टे आणायचं ठरवलं, तेव्हा मी त्यात पडले. अशा गोष्टी इतर ठिकाणी झालेल्या आहेत. इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमध्ये मोकळ्या चरणाऱ्या घोड्यांच्या गळ्यात असे पट्टे असतात आणि तिथल्या कुंपण नसलेल्या रस्त्यांवर वेगमर्यादाही ताशी 40 मैल, म्हणजे सुमारे 64 किलोमीटर आहे. फिनलंडमध्ये 2014 साली रेनडियर पाळणाऱ्यांनी शिंगांवर चमकणारा रंग लावून पाहिला होता. भारतात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये महामार्ग आणि द्रुतगती मार्गांवरून मोकाट जनावरं हलवण्याचे, गस्त ठेवण्याचे आदेश दिले. फार गरजेचं होतं ते. पण मी ज्या रस्त्यावर धडकले तसल्या लहान रस्त्यांवर गस्त कोण घालणार? तिथे पाळणारा आणि चालवणारा, दोघांनाच ते करावं लागतं.

पहिले पट्टे आम्ही गळ्यात बांधले आणि रात्री मी गाडी घेऊन बघायला गेले. उभी जनावरं छान चमकली. चरणारी दिसलीच नाहीत, कारण मान खाली गेली की पट्टा गवतात जातो. डिपरचा उजेड तर खालीच पडतो. मग पट्टे पायांवर, खुरांच्या जरा वर बांधले. चालताना ते हलतात, आणि हलणारी चमक डोळा लगेच पकडतो. घट्ट बांधले तर कातडी सोलते, सैल बांधले तर निघून पडतात आणि चिखलाने दोन-चार दिवसांत मळतात. दूध काढताना ओल्या फडक्याने पुसायचे, हे काम काकांच्या सुनेने अंगावर घेतलं. गोठ्याच्या कडीला आता वरून आणखी एक खिळ आहे. ती मीच बसवून घेतली.

गेल्या आठवड्यात त्याच रस्त्याने परतत होते. भुरभुर पाऊस, वेग 50. लांबवर जमिनीलगत चार-पाच ठिपके चमकले. मी चारही इंडिकेटर लावले, डिपरवर आले आणि बऱ्याच अंतरावर थांबले. कडी लागलेली असूनही कुंपणाच्या कुठल्यातरी फटीतून ती बाहेर पडली होती. काकांना फोन केला. ते टॉर्च घेऊन येईपर्यंत मी काच खाली करून बसून राहिले. मध्ये बसलेली होती ती त्या गायीची कालवड, तेव्हाचं वासरू. काकांनी तिच्या खांद्याच्या जरा मागे उभं राहून हळूच हाक दिली. तिने आधी मागचे पाय उचलले.