तंजावरला जाताय? मग प्लॅनमध्ये मोकळे तास ठेवा

डिसेंबरच्या शेवटी मी आणि आई तंजावरला जाऊन आलो, तेव्हापासून प्रत्येक जण एकच विचारतोय की एका दिवसात होतं का. होतं. बृहदीश्वर मंदिर, राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय, संपलं. पण असं उरकू नका प्लीज, कारण आम्हाला जे सगळ्यात आवडलं ते यादीत नव्हतंच, मधल्या रिकाम्या वेळात समोर आलं.

पहिलं म्हणजे पहाट. तेव्हा तिथे मार्गळी महिना चालू असतो, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंत, आणि या दिवसांत बायका उजाडायच्या आत दारात मोठाले कोलम, म्हणजे तिकडची तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढतात. आम्ही वेस्ट मेन स्ट्रीटच्या बाजूला फिल्टर कॉफी शोधत फिरत होतो, लांबून कुठल्यातरी देवळातला लाउडस्पीकर ऐकू येत होता, आणि एक आजी सडा घातलेल्या जमिनीवर ठिपके टाकत होत्या, चिमटीतून तांदळाचं पीठ सुटत होतं आणि ती एकच रेघ ठिपक्यांना वळसे घालत घालत, कुठेही न तुटता, बरोब्बर निघाली तिथेच येऊन मिळाली. आई हळूच मला म्हणाली "हात बघ गं त्यांचा", तर आजींनी वर न बघताच विचारलं, "कुठले तुम्ही?" मराठीत! चाल सगळी तमिळ, पण मराठीच. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, त्यांनी इथे मराठ्यांची गादी स्थापन केली ती 1670 च्या दशकात, राज्य गेलं 1855 ला, आणि ही भाषा अजून या गल्ल्यांतल्या घरांत बोलली जाते हे मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि असं उकिडवं बसून ऐकणं वेगळं. त्यांनी आईच्या हातात पीठ दिलं, एक कोपरा आईने पूर्ण केला. म्हणून सांगते, साडेपाचला बाहेर पडा, कॅमेरा आत ठेवा आणि फोटो काढायचाच तर आधी विचारा.

बृहदीश्वर मंदिराचं म्हणाल तर सकाळी सगळे समोरून बघतात, ते बरोबरच आहे, देऊळ पूर्वाभिमुख आहे. पण संध्याकाळी मागच्या बाजूला जा. राजराजा चोळाने 1010 च्या सुमारास पूर्ण केलेलं हे देऊळ, विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, साधारण 216 फूट, सगळा ग्रॅनाइट, आणि असा दगड आसपास मिळतच नाही, लांबून आणलेला. आम्ही नैऋत्येकडच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख वाचत होतो, भोसले घराण्याचा इतिहास, दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला, देवनागरीत आहे त्यामुळे अक्षरं लागतात, आणि सहज मागे वळले तर अख्खं विमान केशरी झालेलं आणि वरच्या कोनाड्यांतून पोपटांचा थवाच्या थवा ओरडत बाहेर पडत होता. तिथेच हिरवळीवर बसलेली गावातली माणसं डबे उघडत होती, मुलं पळत होती. दर्शनाला आलेल्यांची ही रोजची संध्याकाळ आहे, आणि मला तेच फार आवडलं.

राजवाड्यातल्या आर्ट गॅलरीत तिरुवेंकाडू गावचा वृषवाहन शिव चुकवू नका. हजार वर्षांपूर्वीचा ब्राँझ, डोक्याला सापांचं पागोटं, नंदीवर हात टेकून उभा, फक्त तो नंदीच आता नाही. एका शाळेची सहल आली होती, त्यातली एक चिमुरडी त्याच्या शेजारी तस्साच हवेत हात टेकून उभी राहिली आणि बाई तिला ओरडायच्या ऐवजी बघतच राहिल्या.

तिरुवैयारूला अर्धा दिवस द्याच, 13 किलोमीटर आहे, जुन्या बस स्टँडवरून बस मिळते. कावेरीकाठी त्यागराजांची, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या थोर संत-संगीतकाराची, समाधी आहे. जानेवारीत त्यांच्या आराधनेच्या, म्हणजे पुण्यतिथीच्या उत्सवाच्या वेळी प्रचंड गर्दी असते, आम्ही गेलो तेव्हा मात्र एक काका एकटेच मांडीवर ताल धरून गात होते, समोर श्रोता कोणी नाही, तंबोरा नाही. आई खांबाला टेकून बसली ती बराच वेळ उठलीच नाही. नदीला पाणीही छान होतं, मेट्टूर धरणातून साधारण जून ते जानेवारी पाणी सोडतात, त्यामुळे उन्हाळ्यात गेलात तर वाळूच दिसेल हे लक्षात ठेवा.

बाकी सोयीचं सांगते. जवळचा विमानतळ तिरुची, तिथून ट्रेनने किंवा बसने तास-दीड तास. चेन्नईहून यायचं तर एग्मोरवरून रात्रीची ट्रेन बरी. तिरुचीची बस नव्या स्टँडला सोडते, तो गावाबाहेर आहे, तिथून लोकल बस पकडा. रूम स्टेशन आणि मंदिराच्या मध्ये घ्या, चालत होतं सगळं. देवळाचा गाभारा दुपारी साधारण साडेबारा ते चार बंद असतो आणि फरशी अशी तापते की अनवाणी पाय ठेववत नाही, म्हणून ती वेळ जेवण आणि झोपेसाठी ठेवा, किंवा जाड मोजे घेऊन जा. मट्टू पोंगलच्या, म्हणजे पोंगलमधल्या गाई-बैलांच्या सणाच्या दिवशी बृहदीश्वरातल्या मोठ्या नंदीला भाज्या-फळांनी सजवतात, तो बघायचा असेल तर रूमचं बुकिंग खूप आधी करा.