तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजांच्या खेड्यातली चाकं

परवा भाच्याच्या साखरपुड्यात पुन्हा तेच. पंगत बसलेली, धाकटे मामा समोरच्या रांगेतून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "काय सायेब, राणीच्या गावातले सुतार बरे हायत का?" आणि हशा. मामांचं सोडा. पण मी इंग्लंडच्या जुन्या खेड्यांतल्या चाकवाल्यांवर लिहितो, याला एक जवळचा मित्र गुलामीची मानसिकता म्हणतो, ऑफिसातली पोरं "सर हे जरा रँडम नाही का" म्हणतात, आणि एका बाईंनी तर फोन करून विचारलं की तुम्ही सुताराच्या घरातले, तुमच्या परड्यात एवढा इतिहास पडलाय, तो सोडून व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्लंडच्या खेड्यात काय शोधताय. फोनवर मी काहीतरी पुटपुटलो. आता एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या पंगतीत निवांत जेवता येईल.

आजवर मी दोन उत्तरं वापरली. छंद आहे, हे एक. आणि तिकडं कागद मिळतो, हे दुसरं. दुसऱ्यात तथ्य आहे बरं का. 1841 च्या जनगणनेपासून तिथं घरोघरच्या माणसांची नावं मिळतात, 1851 पासून तर वय, धंदा, नातं, जन्मगाव सगळं. एका खेड्याची यादी उघडली की चाकं करणारा कोण, त्याच्याकडं शिकाऊ पोरं किती, बायको लेस विणते का, पोरगी कुणाच्या घरी मोलकरीण, सगळं रांगेनं समोर. शेतमजूर इतके असायचे की लिहिणारा कंटाळून 'अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर' ऐवजी नुसतं 'अ‍ॅग लॅब' खरडायचा, पानंच्या पानं अ‍ॅग लॅब अ‍ॅग लॅब. आपल्याकडं 1872 पासून शिरगणती झाली पण त्या घरोघरच्या नावांच्या याद्या कुठं उरल्यात? माझ्या पणजोबाचं नाव मला माहितीय, त्याच्या वर अंधार. तर कागद मिळतो म्हणून तिकडं जातो, असं मी सांगायचो आणि लोक गप्प बसायचे.

पण मग मित्र म्हणाला, कागद हवाय ना, मग आपल्या गावच्या वतनाचे कागद बघ की, तालुक्याला जा, जुन्या माणसांशी बोल, किती जण उरलेत. यावर मला उत्तर नव्हतं. तालुक्याला मी आजतागायत गेलेलो नाही.

दुसरा आरोप असा की मी त्या गावांचं गोडगोड चित्र काढतो. हा आरोप 2012 च्या मला लागू होता, मान्य. तेव्हा नुकताच कंपनीच्या कामानं रीडिंगला दोन वर्षं काढून आलेलो. तिथं इंग्लंडच्या खेड्यांचं एक म्युझियम आहे, फुकट आहे, शनिवारी करमायचं नाही म्हणून गेलो आणि मोठमोठ्या घोडागाड्यांसमोर अडकलो. तुंब्याला, म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्याला, एल्म, कारण त्याचे धागे एकमेकांत गुंतलेले, इतके आरे ठोकले तरी लाकूड फाटत नाही. आऱ्यांना ओक, वजन पेलायला. घेराच्या तुकड्यांना अ‍ॅश, धक्का खाणारं. लाकूड कापून वर्षानुवर्षं वाळत ठेवायचं, म्हणजे बापानं ठेवलेलं पोरानं वापरायचं. आमच्यात सगळ्यालाच बाभूळ. तर ते बघून मी येडा झालो आणि घरी येऊन लिहिलं की त्या गावांत प्रत्येकाला मान होता, लोहार, खोगीरवाला, छप्पर शाकारणारा, सगळे एकमेकांना धरून, वगैरे वगैरे. आज वाचलं की कानशिलं तापतात.

कारण मान कसला? जेम्स केअर्ड नावाच्या शेतीतल्या जाणकारानं 1850-51 मध्ये गावोगाव फिरून मजुरी लिहून ठेवलीय, दक्षिणेत आठवड्याला सरासरी साडेआठ शिलिंगही नाही, उत्तरेत साडेअकरा, आणि तेसुद्धा उत्तरेत आसपास खाणी-गिरण्या होत्या म्हणून. माणूस थकला की वर्कहाउस, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवायची सरकारी जागा. हॅम्पशायरमधल्या अँडोव्हरच्या वर्कहाउसात खतासाठी हाडं कुटायचं काम देत, आणि 1845 ला उघडकीला आलं की तिथली माणसं भुकेनं त्याच हाडांना चिकटलेलं सडकं मांस आणि आतला मगज चोखत होती. बेडफर्डशायर-हर्टफर्डशायरकडं चारपाच वर्षांची पोरं 'शाळेत' बसून टोप्यांसाठी गव्हाच्या काड्यांच्या वेण्या घालायची, काडी मऊ राहावी म्हणून तोंडात धरायची, ओठ फाटायचे. पुढं 1870 नंतर चीनहून स्वस्त वेण्या आल्या आणि तो धंदाच बसला. हे काय गोड आहे?

आणि हाच केअर्ड बरं का, 1876-78 चा दुष्काळ, आपल्या सोलापूर-नगरकडं माणसं खडी फोडता फोडता मेली तो, त्यानंतर सरकारनं जे दुष्काळ कमिशन नेमलं त्यात मेंबर म्हणून इकडं आला होता. इंग्लंडच्या मजुराचे शिलिंग मोजणारा माणूस इकडच्या कमिशनवर. पंगतीत मामांना हे सांगावंसं वाटतं की तुम्ही समजता तेवढी ती दोन गावं लांब नाहीत, पण पंगतीत कोण ऐकतंय, जिलबी आलेली असते.

मला त्यातल्या त्यात जवळची वाटते ती ऑक्सफर्डशायरमधल्या अ‍ॅस्कट-अंडर-विचवूड गावची गोष्ट. त्या गोष्टीच्या एक वर्ष आधी, 7 फेब्रुवारी 1872 ला, वॉरिकशायरमध्ये वेल्सबोर्नला जोसेफ आर्च नावाचा कुंपणं छाटणारा माणूस डुक्कर कापायच्या स्टुलावर उभा राहून अंधारात बोलला, मजुरांनी काठ्यांना कंदील टांगले होते, आणि त्यातून शेतमजुरांची युनियन उभी राहिली. हा आर्च नवव्या वर्षी दिवसाला चार पेन्सवर शेतात पाखरं राखायचा. ते लोण अ‍ॅस्कटला आलं. तिथल्या एका शेतकऱ्यानं युनियनच्या मजुरांना काढून बाहेरची दोन पोरं कामाला लावली, गावच्या बायका आडव्या गेल्या, म्हणाल्या नका जाऊ रे कामावर. झालं एवढंच. मे 1873 ला 16 बायकांना सक्तमजुरी, काहींना 10 दिवस, काहींना 7, दोघींच्या कडेवर तान्ही पोरं. निकाल देणारे दोन मॅजिस्ट्रेट, दोघंही चर्चचे पाद्री. आता त्या गावात एका झाडाभोवती त्यांच्या आठवणीचा बाक आहे, मी बसलोय त्यावर, डबा खाल्लाय.

पण हे सगळं नंतरचं. तुम्ही विचारलंत तुम्ही तिकडं *का* जाता, तर ते त्या म्युझियममध्येच झालं. तिथं लोखंडी धाव चाकावर कशी चढवायची ते सांगणारी माहिती होती. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, जाळात लाल करायची म्हणजे ती फुगते, तिघाचौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर टाकायची, घण मारून बसवायची आणि लगेच पाणी, कारण उशीर झाला तर लाकूड जळतं. शेवटचं वाक्य वाचलं आणि मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

1986 चा मे महिना. मी सातवीची परीक्षा दिलेली. गावात टायरगाड्या आल्या होत्या, कारखान्याला ऊस न्यायला, तरी जुन्या लाकडी चाकाच्या गाड्या होत्याच, आणि पाटलाच्या गाडीचं एक चाक आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, नवीन भरलं होतं. बलुतं तोवर बहुतेकांनी बंद केलेलं, पाटलाच्या घरून मात्र सुगीला ज्वारीची पोती यायची, त्यामुळं त्या चाकाचे वेगळे पैसे नव्हते. तुंबा, आरे, घेर, दोन आठवडे वाकस आणि पटाशी चाललेली. धाव चढवायचा दिवस ठरला. लोहारमामांनी सकाळीच गोवऱ्या रचून धाव तापत ठेवली. माझं काम एकच. आडावरून भरून आणलेल्या चार घागरी चाकापाशी ठेवायच्या आणि आबा 'वत' म्हणाले की वतायचं. दरवर्षी मीच करायचो, मला आवडायचं ते, धस्स आवाज येऊन वाफ उठायची आणि लाकडाचे सांधे कडकड करत आवळायचे.

त्या दिवशी पाटलाचा पोरगा आला. माझ्या वर्गातला. सोबत सातारहून आलेले त्याचे दोन मावसभाऊ, बूट घातलेले, गंमत बघायला. आणि मी उघडा, चड्डीवर, काखेत घागर. मला काय झालं माहीत नाही. म्हणजे माहितीय. मी घागर आडापाशीच ठेवली आणि गोठ्याच्या मागं जाऊन उभा राहिलो, भिंतीला पाठ लावून. मला वाटलं कुणीतरी दुसरं ओतेल. लोहारमामा, दादा (माझे वडील), चुलते सगळे धाव उचलण्यात गुंतलेले, आबांच्या हातात घण. धाव पडली, घण वाजले. मग आबांचा आवाज, "वत." मग परत, "वत की रं." मग माझं नाव. मग तिसऱ्यांदा माझं नाव, वेगळ्या आवाजात. मला सगळं ऐकू येत होतं आणि धूर पण दिसत होता गोठ्यावरून, पांढऱ्या वाफेचा नाही, काळपट. दादा घण टाकून पळत आडाकडं गेले, पण तोवर घेराचे दोनतीन तुकडे खोल जळालेले, सांध्यात कोळसा.

मी मग कधी बाहेर आलो ते आठवत नाही. पाटलाचा पोरगा गेला होता. आबा चाकाशेजारी बसले होते आणि बोटानं जळालेल्या जागेचा कोळसा खरडून बघत होते, किती आत गेलंय ते. मला काही म्हणाले नाहीत. दादांनी मारलं, ते सोडा. आबांनी दुसऱ्या दिवशी घेर उतरवला, परसातली वाळत ठेवलेली बाभूळ काढली, ती खरं तर आमच्या स्वतःच्या गाडीसाठी ठेवलेली, आणि परत भरला. धाव तीच, लोखंडाला काय होतंय. या वेळी पाणी ओतायला चुलत भाऊ. मला कुणी बोलावलं नाही, आणि मी सुटलो असंच वाटलं मला तेव्हा, हे पण लिहून टाकतो. पुढच्या वर्षी पाटलानं टायरगाडी घेतली.

तर मामा, असं आहे.

आता तुम्ही म्हणाल की मग त्या आबांवर लिहा, इंग्रजांवर कशाला. बरोबर आहे. पण मला इंग्लंडच्या चाकवाल्याबद्दल वाचताना कुणी हाक मारत नाही. ते वाचता येतं. तुंब्याचं लाकूड, आऱ्यांचा कोन, 1894 ला गव्हाचा भाव घसरून 22 शिलिंग 10 पेन्सवर आला आणि शेतकरीच बुडाले तिथं सुताराला कोण विचारतो, हे सगळं मी शांतपणे लिहू शकतो. त्यात अमेरिकेच्या गव्हाबरोबर आपल्याकडचाही गहू सुवेझमधून तिकडं जात होता हे कळल्यावर मला थोडा आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

आणि मित्राला एक. तो म्हणतो तिकडं जात नव्हती म्हणून तुला तिथं बरं वाटतं. असेल. तिथल्या चाकवाल्याचा पोरगा दुसरं काहीतरी करू शकत होता, बापाकडं उमेदवारीचे पैसे भरायला असतील तर. पण त्या याद्यांमध्ये मी पण कुणाकडं बघतो? चाकवाल्याकडं, लोहाराकडं. अ‍ॅग लॅबची पानं मी सुरुवातीची कित्येक वर्षं भराभर पलटली. आमच्या गावात आम्ही पाटलाच्या वाड्यात खाली बसायचो हे मला लख्ख आठवतं, आणि ज्यांना वाड्याच्या दारातही येऊ देत नव्हते ते त्या दिवशी चाकाभोवती कुठं उभे होते हे मला आठवत नाही. आठवायला पाहिजे होतं. यावर मित्राशी भांडण अर्धवट राहिलंय, राहू दे.

फोन करणाऱ्या बाईंनी शेवटी सांगितलं होतं की दादा अजून आहेत ना, मग रेकॉर्ड करा त्यांना. दादा 78 वर्षांचे आहेत. दोनदा मोबाईल समोर ठेवला. रंधा कसा लावायचा ते बोलले, वाकस कुठल्या लोहाराकडची ते बोलले, धाव चढवण्यापाशी आले की माझ्याकडं बघून विषय बदलतात, किंवा मला तसं वाटतं.

सध्या मी करवतवाल्यांवर लिहितोय. खड्डा खणून त्यावर ओंडका आडवा टाकायचा, एक जण वर उभा, तो रेघ सांभाळणार, दुसरा खाली खड्ड्यात, दिवसभर त्याच्या डोळ्यात भुसा. हो, इंग्लंडचेच.