खोडलेली किंमत आणि वर्षभराची किंमत

आमच्या नात्यात कोणाला एसी, टीव्ही किंवा लॅपटॉप घ्यायचा झाला, की "आता घेऊ, की दसऱ्यापर्यंत थांबू?" असा प्रश्न माझ्याकडे येतो, कारण किमतींचे आलेख चाळत बसण्याची सवय मला आहे हे सर्वांना ठाऊक झाले आहे. विचारणाऱ्याला माझ्याकडून एखाद्या तारखेची अपेक्षा असते. मी मात्र आधी एवढेच पाहायला सांगतो, की हीच वस्तू गेल्या वर्षभरात बहुतेक दिवस किती रुपयांना मिळत होती. पुढे किंमत किती होईल हे जुन्या किमतींवरून क्वचितच सांगता येते. आज दाखवली जाणारी सूट खरी आहे की नाही, हे मात्र त्यांवरून बऱ्यापैकी कळते.

सूट मोजली जाते ती छापील किमतीवरून, आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो. आपल्याकडे वेष्टनावर छापलेली किंमत ही सर्व करांसह कमाल मर्यादा असते. तिच्याहून जास्त घेता येत नाही एवढाच तिचा अर्थ. ती ठरवतो उत्पादक, आणि त्या किमतीला ती वस्तू कधी विकली गेली असावी अशी अट नाही. समजा, एका एसीची छापील किंमत ६५,००० रुपये आहे आणि तो वर्षभर ३७,००० च्या आसपास विकला जातो, तर त्याच्यावर वर्षाचे बाराही महिने '४३ टक्के सूट' असते. ही सूट म्हणजे त्या एसीची रोजची किंमतच होय.

युरोपीय संघाने या बाबतीत नियमच केला आहे. मे २०२२ पासून तिथे सवलत जाहीर करताना त्याआधीच्या किमान तीस दिवसांतली सर्वांत कमी किंमत सांगावी लागते. त्यावरून जर्मनीतला एक खटला थेट युरोपीय न्यायालयात गेला, तो केळ्यांच्या आणि अननसाच्या जाहिरातीवरून. आल्डी स्यूड या साखळी दुकानाने केळ्यांवर २३ टक्के सूट जाहीर केली होती : १.६९ युरोऐवजी १.२९. खाली बारीक अक्षरांत गेल्या तीस दिवसांतली किमान किंमतही दिलेली होती, आणि तीही १.२९ च होती. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की टक्केवारी त्या किमान किमतीवरूनच मोजली पाहिजे. म्हणजे केळ्यांवरची सूट शून्य. तिथे जे काम कायदा करतो, ते आपल्याकडे गिऱ्हाइकाने स्वतः आलेख उघडून करायचे आहे.

अमेझॉनसाठी कीपा आणि इतर भारतीय संकेतस्थळांसाठी बायहटके यांसारखी साधने जुन्या किमती रेषेच्या रूपात दाखवतात. नवख्या माणसाची नजर त्या रेषेच्या सर्वांत खालच्या टोकावर जाते आणि तीच किंमत मिळावी म्हणून तो हटून बसतो. मला ते टोक जवळपास निरुपयोगी वाटते. ते बहुधा तासाभराच्या झटपट सवलतीचे असते, कधी मोजक्याच नगांचे, तर कधी कोणाच्या तरी चुकून टाकलेल्या आकड्याचे. पाहायचे ते पठार, म्हणजे जिथे रेषा आठवडेच्या आठवडे आडवी राहिली ती पातळी. त्या पठाराच्या खालच्या कडेला किंवा तिच्याखाली आज किंमत असेल, तर भाव चांगला आहे. सेलच्या आधी दोन-तीन आठवडे रेषा वर चढलेली आणि सेलच्या दिवशी पुन्हा जुन्या पठारावर आलेली दिसली, तर ही सवलत कशी तयार झाली ते वेगळे सांगायला नको. मात्र प्रत्येक चढामागे लबाडीच असते असेही नाही. नेहमीच्या विक्रेत्याकडचा माल संपला आणि दुसऱ्या कोणी तीच वस्तू चढ्या भावाने लावली, तरीही रेषा उंच जाते.

पण किंमत का हलली हे आलेख सांगत नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि अमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोन्ही मोठ्या संकेतस्थळांचे सणासुदीचे सेल २३ तारखेला सुरू झाले. कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणजे किंमतही दहा टक्क्यांनी उतरेल, असे अनेकांनी धरले होते. हिशेब तसा नाही. २८ टक्के करासह ४०,००० रुपयांना मिळणाऱ्या एसीची मूळ किंमत ३१,२५०. तिच्यावर १८ टक्के कर लावला की ३६,८७५ होतात. म्हणजे घट ३,१२५ रुपयांची, पावणेआठ टक्क्यांहून थोडी जास्त. असा एसी सेलमध्ये ३५,२०० ला दिसला, तर १२ टक्के सूट मिळाली असे वाटते. पण त्या ४,८०० रुपयांतले ३,१२५ सरकारने सोडलेले आहेत आणि विक्रेत्याने सोडलेले आहेत उरलेले १,६७५. म्हणून एसीच्या आलेखात त्या तारखेला एक उभी रेघ कल्पून तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या किमती वेगवेगळ्या वाचाव्या लागतात. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीचेही तसेच. फ्रिज आणि वॉशिंग मशीन मात्र २०१८ पासूनच १८ टक्क्यांत होती, त्यामुळे त्यांच्या आलेखात त्या दिवशी पायरी दिसली, तर ती कराची नव्हे.

अशीच दुसरी पायरी ताऱ्यांची. १ जानेवारी २०२६ पासून एसीच्या ऊर्जाबचतीचे निकष कडक झाले, म्हणून जुन्या लेबलचे पाच तारे आणि नव्या लेबलचे पाच तारे यांत एका ताऱ्याच्या आसपास फरक आहे. जुन्या साठ्यातला एसी स्वस्त दिसला, तर तो का स्वस्त आहे हे लेबलवरचे वर्ष पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणि कधीकधी पठार स्वतःच संपते. संगणकाच्या रॅमच्या, म्हणजे त्यातल्या मेमरीच्या, बाबतीत तेच झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी इतकी वाढली, की २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबरमध्ये क्रुशिअल हा आपला सामान्य ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. मागच्या दोन वर्षांचा आलेख पाहून 'भाव पुन्हा खाली येईलच' म्हणत थांबलेल्यांच्या हाती काही लागले नाही. जुनी किंमत त्या वेळच्या पुरवठ्याची असते. पुरवठा बदलला की तिचा आधार सुटतो.

आलेखात न दिसणारी गोष्ट आणखी एक : बँकेच्या कार्डावरची तत्काळ सूट, टिचकी मारून घ्यायचे कूपन, जुन्या वस्तूचा मोबदला. सेलमधली खरी बचत पुष्कळदा इथेच असते आणि रेषेत ती उमटत नाही. म्हणून मी एक साधी तक्ता-फाईल ठेवतो आणि तिच्यात किमतीच्या रकान्याशेजारी 'खिशातून गेलेले' असा रकाना ठेवतो. बिनव्याजी हप्त्यांचे प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटीही त्यातच धरतो, कारण 'बिनव्याजी' म्हणताना हे दोन आकडे सहसा कोणी बोलत नाही.

थांबण्याचीही किंमत असते, आणि ती घरागणिक बदलते. नागपूरला राहणाऱ्या मावशीने एप्रिलमध्ये एसीबद्दल विचारले, तेव्हा आलेख पठाराच्या जरा वर होता आणि दसऱ्यापर्यंत दीड-दोन हजार वाचण्याची शक्यता होती. तिला मी त्याच आठवड्यात घ्यायला सांगितले. "अगं पण मुहूर्त?" असे आजीने मध्येच विचारले, पाडवा होऊन गेला होता, तेव्हा अक्षय्य तृतीया गाठायचे ठरले. मामेभावाला हवा होता तो दुसरा टीव्ही, तोही पाहुण्यांच्या खोलीसाठी. त्याला पठाराच्या खालच्या कडेची किंमत सूचनेसाठी लावून दिली, म्हणजे भाव तिथवर उतरला की त्याला कळेल, आणि दिवाळीपर्यंत ती सूचना आली नाही, तर त्या दिवशी असेल त्या भावाने घ्यायचा, असे दोघांनी ठरवून टाकले आहे.