मल्लखांब, आठवडा ११ : डावा गुडघा थापा मारतो

साध्या अढीचे (उलटं होऊन मांड्यांत खांब आवळायचा) या आठवड्यात पंचवीसेक प्रयत्न, पकड बसली नऊ वेळा. चाळिशीला वाईट नाही. पण रविवारी लेकीने मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि सगळा माज उतरला. पाय वर फेकताना दोन्ही गुडघे ताठ असतात, हे मी शपथेवर सांगितलं असतं. प्रत्यक्षात डावा मस्त दुमडलेला. सर तीन आठवडे "गुडघा, गुडघा" ओरडत होते, मी उजवा आणखी ताणत होतो!

न बघता हातपाय कुठे आहेत हे कळणं, याला शेरिंग्टन या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०६ साली प्रोप्रिओसेप्शन म्हटलं. स्नायूत ताण ओळखणारी बारीक इंद्रियं असतात, मेंदू बराचसा त्यांच्या निरोपावर चालतो. निरोप फसवताही येतो. डोळे मिटून, कोपर दुमडून, दंडाच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेवर मसाजर धरा. थरथरीमुळे स्नायू ताणला जातोय असा निरोप जातो आणि हात जागचा न हलता सरळ होतोय असं वाटतं. मी करून पाहिलं, अंगावर काटा आला.

आरसा लावून पाहिला, उपयोग शून्य. बघतो तोवर पाय सरळ, नजर हटली की पुन्हा तेच. आणि उलटं होऊन, एरंडेल लावलेलं लाकूड मांड्यांत आवळताना आरसा बघतो कोण?

म्हणून सोमवारपासून सतरंजीवर. उताणं पडायचं, डोळे मिटायचे. बायको पाय उचलून गुडघा सरळ करते, पाच मोजते, खाली ठेवते. मग तीच जागा मी एकट्याने गाठायची. लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून बायको चूक सांगते (आवाजात जरा जास्तच आनंद असतो). पहिल्या दिवशी डावा २० अंशांनी कमी पडला, शुक्रवारी ८. उजवा पहिल्यापासून ५च्या आत.

डावा घोटा दोन वर्षांपूर्वी मुरगळला होता. डोळे मिटून एका पायावर उभं राहिलो तर उजव्यावर १९ सेकंद, डाव्यावर ६. याचा गुडघ्याशी संबंध लावणं हा माझा अंदाज, सरांना पटलेला नाही.

तेढी, म्हणजे मल्लखांबाचा पुढचा प्रकार, सध्या लांबणीवर टाकली आहे. काल पुन्हा व्हिडिओ काढला. डावा गुडघा अजून दुमडतोच, पण खाली उतरल्या उतरल्या, मोबाईल हातात घ्यायच्या आधीच मी म्हणालो, "डावा गेला."